आयत्या वेळचे विषय

दिवाळीच्या फराळाचा डबा गेटवरच्या वॉचमन मामांनी परत आणून दिला तो त्यांच्या इथल्या ड्युटीच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला. स्टीलचा डबा, कडेला आमचं आडनाव कोरलेलं, आतून-बाहेरून घासून लख्ख केलेला. हातात घेतला तर आत काहीतरी सरकलं. "रिकामा कसा देणार, ताई? गावाला जाणं झालं असतं तर शेंगा आणल्या असत्या," असं म्हणत ते जरा ओशाळून हसले आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली गेले. झाकण उघडलं. तळाशी साखर होती. दोन-तीन चमचे असेल, बहुधा गेटवरच्या त्यांच्या चहाच्या सामानातली. ती साखर मी साखरेच्या बरणीत ओतली नाही आणि टाकलीही नाही. आज दीड महिना झाला, डबा तसाच ओट्याच्या कोपऱ्यात आहे. सून रोज पुसताना तो उचलते, त्याखालची जागा पुसते आणि परत ठेवते. विचारत नाही, हे तिचे उपकारच.

आमच्या सोसायटीत एकशे नव्वद फ्लॅट आहेत. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत विषय क्रमांक पाच होता, 'प्रवेशद्वारी स्वयंचलित अडसर व मोबाइलद्वारे प्रवेश यंत्रणा बसविणे'. खजिनदारांनी कागद फिरवला. गेटवर एजन्सीचे सात जण आहेत, त्यातले चार कमी करता येतील. एकाचे एजन्सीला महिना २२,००० जातात, म्हणजे ८८,००० वाचले. यंत्रणेची देखभाल १२,०००. उरले ७६,०००. भागिले एकशे नव्वद, म्हणजे घरटी चारशे रुपये. हिशोब इतका चोख सुटला की एका सभासदानं टाळी वाजवली. मी आयुष्यभर बँकेत काढलेली बाई. बाकी शून्य राहिली की मलाही आतून बरं वाटतं. 'मंजूर?' म्हणून विचारलं तेव्हा हात वर झाले.

माझाही झाला.

आता उगाच गहिवरायचं नाही हेही खरं. नवी यंत्रणा चांगली चालते. गाडीच्या काचेवरचा स्टिकर वाचून दांडा आपोआप वर जातो, पावसात हॉर्न वाजवत थांबावं लागत नाही. आलेला पाहुणा फोनवर दिसतो. पूर्वी रजिस्टरमध्ये लिहिलेलं कुणी वाचत नसे. त्यात एकदा एका कुरियरवाल्यानं 'कोणाकडे' या रकान्यात 'लता मंगेशकर' लिहिलं होतं आणि ते तीन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. शिवाय बारा-बारा तास प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून लोकांच्या गाड्यांना सलाम ठोकणं हे काम कुणी करावं असं तरी कुठं वाटतं? माझ्या नातवानं केलेलं मला चालेल का? नाही. मग ते काम गेलं म्हणून मला नक्की कशाचं वाईट वाटतंय, हे मला बरेच दिवस कळेना. काम गेल्याचं नसावं. कामाबरोबर माणूस ज्या सहजतेनं गेला, त्याचं असावं. सभेच्या इतिवृत्तात यंत्रणेचं वर्णन सव्वा पान आहे. चार माणसांचा उल्लेख 'मनुष्यबळात कपात' एवढ्या दोन शब्दांत आटोपलाय.

त्या चौघांतले मामा मूळचे वॉचमन नाहीत. हे मला लॉकडाऊनमध्ये समजलं, जेव्हा ते सलग दोन महिने गेटवरच राहिले आणि आम्ही आळीपाळीनं त्यांना डबे देत होतो. एकदा माझ्या चालण्याच्या काठीचं खालचं टोक ढिलं झालं होतं. त्यांनी ते बोटांनी फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "आटे गेलेत ह्याचे. लेथवर दोन मिनिटांचं काम हाय." मग गोष्ट निघाली. माण तालुक्यातलं गाव, आयटीआयला टर्नरचा, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कातायचा कोर्स आणि १९८६ साली वागळे इस्टेटमध्ये नोकरी. पंख्याच्या मोटरचे शाफ्ट बनवायचे. कंपनीत बारा लेथ होते. जॉब लावल्यावर टूल टेकतं त्या आवाजावरून मामांना धार बोथटली की काय ते कळायचं, मोजपट्टी नंतर. निळसर, वेटोळं घेत निघणारा लोखंडाचा कीस, कूलंटचा तो आंबूस तेलकट वास, आणि घरी गेल्यावर बायको सदरा बादलीत वेगळा भिजवायची, ते सगळं ते असं सांगत की जणू कालची गोष्ट. मग संगणकावर चालणारी तीन सीएनसी मशीनं आली. तिन्ही मिळून एक पोरगा सांभाळायचा, डिप्लोमा झालेला. "आम्हाला शिकवा म्हणालो. साहेब म्हणाले, बघू." बघता बघता बारामधले आठ लेथ भंगारात गेले. उरलेल्या चौघांत मामा होते. पण पुढं बाहेरून तयार शाफ्टच इतका स्वस्त यायला लागला की त्या सीएनसीलाही काम उरलं नाही. २००३ मध्ये कंपनीनं सगळ्यांना हिशोब दिला.

'हिशोब दिला' हा शब्दप्रयोग ठाण्या-मुंबईच्या कारखान्यांत वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. कायद्यानं एका वर्षाच्या नोकरीला पंधरा दिवसांचा पगार. मामांची सतरा वर्षं, म्हणजे साडेआठ महिन्यांचा पगार आणि वर ग्रॅच्युइटी. त्यात थोरल्या मुलीचं लग्न झालं. मग एका वर्कशॉपमध्ये रोजंदारी, मग भाजीची गाडी, मग एजन्सीचा निळा युनिफॉर्म. (आमचे टॉवर ज्या जागेवर उभे आहेत तिथंही एक कारखानाच होता. तो मामांचा नव्हता. तो असता तर लेख छान झाला असता, पण नव्हता.)

१९८६. त्याच वर्षी मी बँकेत लागले.

लेजर विभागात आम्ही अकरा जण होतो. मांडीवर मावणार नाहीत एवढी जाड लेजरं, कोपरे कातड्याचे, पानं उलटून उलटून बोटांची टोकं काळी. काउंटरवर पितळी टोकन आपटल्याचा आवाज. जून आणि डिसेंबरला व्याज लावायचं तेव्हा रात्री दहा-दहा वाजायचे, बँक वडे मागवायची, आणि पन्नास पैशांचा फरक सापडेना म्हणून अख्खा विभाग तेलकट हातांनी पुन्हा पहिल्या पानापासून बेरजा करायचा. फरक सापडला की जो आनंद व्हायचा त्याला तोड नाही. आणि बाहेर भिंतीवर युनियनचं पोस्टर, संगणक नको म्हणून. मी सुद्धा काळी फीत लावून उभी राहिले आहे. घोषणा देताना आत कुठंतरी वाटायचं की ते पन्नास पैसे मशीननं शोधले तर काय बिघडलं? पण हे बोलायची सोय नव्हती.

मशीन आलंच. १९८३ मध्ये बँका आणि युनियन यांच्यात करार झाला होता, १९८४ मध्ये बँकांच्या संगणकीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचं यंत्र पोचलं ते माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी. प्लॅस्टिकचं आवरण, शेजारी नवाकोरा एसी. एसी आमच्यासाठी नव्हता, मशीनसाठी होता, पण वारा आम्हालाही लागायचा. संगणक किती, कुठं, कुठल्या कामाला, हे सगळं करारात बसून ठरवलेलं होतं. त्यामुळे मशीन आलं म्हणून आमच्या शाखेतून कुणीही घरी गेलं नाही. मला शिकवलं गेलं. ड्युटीच्या वेळात, पगार चालू ठेवून, वर एक विशेष भत्ता देऊन. पुढे २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली तेव्हाही एक लाखाहून अधिक लोक बाहेर पडले, पण भरपूर रक्कम घेऊन आणि स्वतः अर्ज करून.

ही गोष्ट मी पूर्वी अभिमानानं सांगत असे. यंत्राशी माणसानं कसं वागावं आणि माणसाशी यंत्र आणणाऱ्यानं कसं वागावं, याचा नमुना म्हणून. आता सांगताना अडखळते. कारण त्या लेजर विभागात अकराच्या जागी तीन लोक झाले ते कुणाला काढून नव्हे. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्याच नाहीत म्हणून. आमच्या शाखेतून कुणी गेलं नाही, त्याची किंमत बाहेरच्यांनी मोजली. परीक्षेची तयारी करत बसलेली ती मुलं कुठल्याच मोर्च्यात नव्हती, कारण जी नोकरी मिळालीच नाही ती गेली म्हणून ओरडणार कशी? टेबलाच्या ज्या बाजूला आम्ही बसलो होतो तिथं खुर्च्या मोजक्या होत्या. मामांना तर टेबलच मिळालं नाही. त्यांचा मालक एजन्सी, काम आमचं, आणि निर्णय सभेचा. तिघांपैकी कुणीच त्यांना काढलं नाही. एजन्सीचं म्हणणं, 'काढलं कुठं? दुसऱ्या साइटवर टाकतोय.' ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विम्यात, नोकरी गेलेल्याला जास्तीत जास्त ९० दिवस निम्मा पगार देणारी एक योजना आहे, अटलजींच्या नावाची. पण त्यासाठी आधी नोकरी गेली असं ठरावं लागतं.

माझं सासर लालबागचं. सासूबाई चाळीत खानावळ चालवायच्या, बावीस गडी जेवायला, सगळे गिरणीचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी त्या घरात नव्हते, पण त्या संपाची वही मी पाहिली आहे. सासूबाईंनी जपून ठेवली होती. नावापुढे बाकी, बाकी, बाकी. संपात अडीच लाख गिरणी कामगार होते असं सगळेच सांगतात. खानावळवाल्या, पानवाले, लाँड्रीवाले त्या आकड्यात येत नाहीत. १९८६ मध्ये बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी सरकारनं पुनर्वसन निधी काढला, त्यात पहिल्या वर्षी पगाराचा पाऊण हिस्सा, दुसऱ्या वर्षी निम्मा, तिसऱ्या वर्षी पाव. वाईट कल्पना नव्हती, पण ती मिळण्यासाठी गिरणी कागदोपत्री रीतसर बंद झालेली असावी लागे, आणि कागदावर बंद होण्याचीही घाई गिरण्यांना नव्हती. मग जमिनीचे वाटे झाले, टॉवर उठले. कामगार आणि त्यांच्या वारसांसाठी घरांची म्हाडाची सोडत निघाली तेव्हा २०१२ साल उजाडलं होतं. तीस वर्षांनी उत्तर आलं तेही चिठ्ठी टाकून.

सासूबाईंच्या वहीतलं एकही नाव शेवटपर्यंत खोडलं गेलं नाही. त्या म्हणायच्या, देतील. कुठं जातात?

मला आठवतं ते मात्र वेगळंच काहीतरी. निवृत्तीचे कागद लावताना माझी शेवटची पगारपावती हाती लागली. कपातींच्या रकान्यात पी. टी., म्हणजे व्यवसाय कर, २००. अडतीस वर्षं हा कर कापला गेला, पूर्वी कमी, मग दोनशे. फेब्रुवारीत तीनशे का कापतात म्हणून दरवर्षी कुणीतरी नवखा विचारायचा आणि कुणीतरी जुना सांगायचा, वर्षाचे अडीच हजार पुरे करायला. हा कर मुळात कशासाठी लावला, हे मात्र ना नवख्यानं विचारलं ना जुन्यानं सांगितलं. मला ते मामांकडून समजलं, तेही अप्रत्यक्ष. ते सहा वर्षांचे होते तेव्हाचा बहात्तरचा दुष्काळ. वडील पाझर तलावावर, आई खडी फोडायला, आणि पोरांना वाटीभर सुकडी. "सुकडीचा वास अजून येतो, ताई. आता कुणी दिली तर खाववणार नाही. पण तेव्हा तीच होती." १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच तासगाव तालुक्यात एक प्रयोग करून पाहिला होता. त्याचीच पुढे रोजगार हमी झाली, १९७७ मध्ये कायदा झाला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. दिल्लीला तसा कायदा करायला २००५ साल उजाडावं लागलं.

आणि याला पैसा कुठून? शहरात ज्याला पगार आहे त्याच्या पगारातून. व्यवसाय कर आला तो १९७५ मध्ये, या हमीसाठी. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं घालायची. म्हणजे फोर्टातल्या कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा माणमधल्या खडी फोडणाऱ्या बाईच्या हजेरीच्या मस्टरवर जात होता, आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं. माझ्या आणि मामांच्या घरांत एक नातं होतं, फक्त ते पावतीच्या रकान्यात दडलेलं.

मी रोजगार हमीची आरती ओवाळत नाही. मस्टरवर खोटी नावं लागली, मे महिन्यात केलेले रस्ते जुलैत वाहून गेले, आणि मामांच्या आईच्या हाताला पडलेले घट्टे मरेपर्यंत गेले नाहीत. दुष्काळात खडी फोडायला लावली, आता टर्नरला काय द्यायचं? पुन्हा खडी? पण काम मागण्याचा हक्क आहे आणि त्याचा पैसा ज्याचं बरं चाललंय त्यानं भरायचा, एवढी साधी गोष्ट या राज्यानं एकदा मान्य केली होती, आणि तीही दुष्काळात होरपळत असताना. आज तेवढं सुद्धा सुचत नाही. व्यवसाय कराला राज्यघटनेनंच वरची मर्यादा घातली आहे, वर्षाला अडीच हजार. ती १९८८ मध्ये ठरली. तेव्हा क्लार्क म्हणून माझा महिन्याचा पगार त्याहून कमी होता. आज महिन्याला पाच लाख घेणाराही दोनशेच भरतो आणि फेब्रुवारीत तीनशे. दुष्काळ आभाळातून यायचा तेव्हा आपण पगारातून कापून दिलं. हा जो दुष्काळ आपणच हात वर करून मंजूर करतो, त्यात वाचलेले चारशे रुपये मात्र पूर्ण आपले.

हे सगळं डोक्यात घेऊन मी कमिटीला पत्र लिहिलं. फार काही मागितलं नाही. घरटी वाचलेल्या चारशेपैकी शंभर रुपये वर्षभर बाजूला ठेवावेत. एकशे नव्वद घरांचे १९,००० होतात. चौघांत वाटले तर प्रत्येकी ४,७५०, वर्षभर, दरमहा. आणि यापुढे माणूस कमी करणारी कुठलीही यंत्रणा आणताना त्याचा हिशोब त्याच कागदावर मांडावा. पत्र मी सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलं, ती चूक झाली. 'आपण काय सरकार आहोत का?' 'टॅक्स कशाला भरतो मग?' 'उद्या लिफ्टमन पण मागतील.' एका तरुण सभासदानं लिहिलं की त्याच्याच कंपनीत या महिन्यात अठरा जणांना एका मेलवर घरी पाठवलं, त्यांच्यासाठी कुणी फंड काढला नाही. खाली दोघांनी अंगठे दाखवले. त्या अंगठ्यांचा अर्थ मला लागला नाही. मग रात्री उशिरा त्यानंच वेगळा मेसेज केला, 'काकू, पत्र चांगलं आहे. माझा विरोध नाही.' त्याचा ग्रुपवरचा सूर आणि हा सूर यांत जे अंतर होतं, ते भीतीचं असावं. पुढच्या यादीत आपलं नाव असेल तर, याची.

गेल्या आठवड्यात मामांना फोन केला. एजन्सीनं त्यांना भिवंडीच्या एका गोदामावर टाकलंय, रात्रपाळी, ट्रक मोजायचे. ठाण्याहून जायला दीड तास, शेअर रिक्षाचे पैसे अंगावर. मी म्हटलं, नव्या कायद्यात काम गेलेल्याला नवीन काही शिकता यावं म्हणून मालकानं पंधरा दिवसांचा पगार द्यायचा अशी तरतूद आहे. पुन्हा तेच पंधरा दिवस. ते हसले. "पंधरा दिवसांत मी टूलला धार लावायला शिकलो नव्हतो, ताई." मग थोडं थांबून, "शिकायला माझी ना नाही. साठ झाले म्हणून काय झालं? पण शिकून झाल्यावर कुणी घेणार हाय का, ते आधी सांगा. ते कुणी सांगत नाही." मागून ट्रक मागे घेतल्याचा पीं-पीं आवाज येत होता. तिथंही म्हणे मोजणीसाठी मशीन येणार आहे. "येऊ दे. इथल्यांनी पंखा मागून चार महिने झाले, तो आला नाही. मशीनला वेळ हाय अजून."

मी पत्राबद्दल त्यांना काही बोलले नाही. साखरेबद्दलही नाही.

काल विशेष सभेची सूचना आली. रविवारी सकाळी साडेदहा, क्लबहाउस. विषय आठ. तिसरा, जिमसाठी दोन नवीन ट्रेडमिल, खर्च गेटवरच्या बचतीतून. माझं पत्र कुठंच दिसेना म्हणून सेक्रेटरींना विचारलं. सज्जन माणूस आहे, टाळत नाही. म्हणाले, "आहे ना, मॅडम. शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीनं येणाऱ्या आयत्या वेळच्या विषयांत घेऊ." तो विषय येईपर्यंत साडेबारा वाजतात, समोसे आलेले असतात, आणि मागच्या खुर्च्या सरकवल्याचे आवाज सुरू होतात. मी पुढच्या रांगेत बसणार आहे. डबा बरोबर न्यावा की नेऊ नये, अजून ठरत नाही.